झुंबरआत्याचं एकशिंगी कार्ड

पहिलंच सांगतो. झुंबरआत्याला कुणी अडाणी म्हणलं तर त्याचं आन् आपलं जमत न्हाई. न्हावऱ्यात असा एक जण हाय. त्यानं परवा भर उन्हात माझ्या टेम्पोला हात केला. मला दिसला. मी थांबलो न्हाई.

आत्या माझी सख्खी न्हाई. न्हावरं तिचं माहेर, म्हणून सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. नवरा गेल्यावर ती ज्ञानेशला, म्हंजी तिच्या पोराला, कडेवर घेऊन परत आली आन् बापाच्या गोठ्यात दूध सेंटर टाकलं. बाप जनावरांचा व्यापारी. त्याला मुलगा न्हवता, म्हणून काष्टीच्या बाजाराला तो पोरगी घेऊन जायचा. त्यामुळं आत्याला सही करण्यापुरतं लिहिता येतं, पण म्हशीकडं लांबून बघून ती सांगती, हिची किती वेतं झाली, कुठलं सड आटलंय आन् विकणारा कुठं खोटं बोलतोय.

मी अकरावी अर्ध्यात सोडली. वर्गात बसलं की माझ्या पायाला मुंग्या यायच्या. सगळ्या गावानं मला अक्कल शिकवली. आत्यानं शिकवली न्हाई. मला अठरा भरले, लायसन आलं, त्या दिवशी तिनं दुधाच्या टेम्पोची चावी दिली आन् म्हणली, "विक्या, तुला बसवत न्हाई ना? मग फिर. पण दूध नासलं तर तंगडं मोडीन." तवापासनं न्हावरं ते दौंडचा चिलिंग प्लँट, रोज. दूध एकदाच नासलं. तंगडं शाबूत हाय, पण तिनं काठी घेतली होती हे खरं.

आता मेन गोष्ट. सेंटरवर लोक किटल्या घेऊन येतात, मशीन दुधाचा फॅट काढतं, कॉम्प्युटर पावती देतो. ह्या कॉम्प्युटरचं वय माझ्यापेक्षा थोडंच कमी असंल. आधी त्याच्यावर विंडोज होतं. कुणीतरी लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह घालायचं आन् पंधरा दिवसाला कॉम्प्युटर झोपायचा. ज्ञानेश पुण्याला नोकरीला लागला, त्यानं एका दिवाळीत येऊन विंडोज काढलं आन् त्याच्या जागी लिनक्स टाकलं. त्यानंतर तीन वर्षं कॉम्प्युटर एकदा आजारी पडला न्हाई. आत्या येईल त्याला सांगायची, "खातंय कमी, लाथ मारत न्हाई, आन् रोगराई लागत न्हाई. ह्याला म्हंत्यात जनावर."

नेट यायचं आत्याच्या घरातल्या वायफायच्या डब्यातनं. घर रस्त्याच्या पलीकडं, सेंटर अलीकडं, मधनं वरून वायर. वायर मीच टाकली होती. उसाची ट्रॉली किती उंच भरत्यात ते मला म्हाईत न्हवतं असं न्हाई. मी अंदाज घेतला होता. अंदाज दीड फुटानं चुकला.

त्या दिवशी ट्रॉली वायर घेऊन गेली. वायरीमागं कॉम्प्युटर गेला. टेबलावरनं उठला, पावत्यांवरनं सरकला आन् थेट सरकी पेंडीच्या पोत्यावर जाऊन बसला. पोतं होतं म्हणून वाचला. पण वायर जिथं खुपसत्यात ते नेटचं भोकच मुळासकट उपटलं.

आन् त्याच आठवड्यात प्लँटचे साहेब येऊन सांगून गेले. एक तारखेपासनं फॅट त्याच मिनिटाला ऑनलाईन प्लँटला दिसला पायजे. ज्या सेंटरचा दिसणार न्हाई ते बंद. तिथले शेतकरी गावातल्या दुसऱ्या सेंटरला जोडणार.

दुसरं सेंटर म्हंजी आनंदराव आप्पांचं. फरशी, नवा कॉम्प्युटर, भिंतीवर आप्पांचा सरपंच असतानाचा फोटो. आप्पा माणूस वाईट न्हाई, पण त्यांच्याकडं दूध घालायचं तर घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावानंच. आत्याकडं नव्वद बाया सोताच्या नावानं घालत्यात. तिचं म्हणणं, धार ज्याची त्याचं नाव. सेंटर गेलं की ती नव्वद नावं गेली, आन् आत्याकडं राहणार काय, तर बापाचा रिकामा गोठा. तिनं हे तोंडानं म्हणलं न्हाई. फक्त सांगितलं, "विक्या, बिनवायरचं काय असंल ते बघ. दहा दिवस हाईत."

सुरुवातीला मी माझा मोबाईल केबलनं कॉम्प्युटरला लावला. लिनक्सनं गपचूप ओळखला, नेट पळायला लागलं. मी म्हणलं, झालं की काम! पण मोबाईल सेंटरवर आन् मी टेम्पोत दौंडला. तिसऱ्या दिवशी राजनंदिनीचा फोन आला. राजनंदिनी कोण ते सोडा. आत्यानं उचलला.

"विक्या दूध घेऊन गेलाय. तू कुणाची?"

तिकडनं कट. दोन मिनटांनी परत.

"अगं, घाबरती कशाला? नाव सांग. घरी जनावरं किती हाईत?"

मी आल्यावर आत्याशी भांडलो. "आत्या, जनावरांची चौकशी कशाला केली?"

"मग काय विचारू, मार्कं? तुला कुठं होती?" वर म्हणली, "आवाजावरनं बरी वाटली. दोन म्हशी हाईत म्हणली."

तवा मोबाईलचा विषय संपला.

मग आम्ही दोघं शिरूरला गेलो. दुकानात वायफायची कार्डं मांडलेली, पेनड्राइव्हसारखी, कॉम्प्युटरच्या भोकात घालायची. आत्यानं सगळ्यांवरनं नजर फिरवली आन् दोन लांब अँटेनावालं उचललं. "हे घे. शिंगं बघ की." दुकानदार म्हणला, कुठल्याबी कॉम्प्युटरला चालतं. डब्यात एक छोटी सीडी पण होती. ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हंजी कार्डानं आन् कॉम्प्युटरनं एकमेकांशी बोलायची भाषा, असं समजा.

घरी येऊन कार्ड लावलं. हिरवी लाईट पेटली. आत्यानं हळदकुंकू लावलं. नेट न्हाई. कार्ड आपण कार्ड हाय हेच कबूल करंना, लिनक्सला म्हणतंय मी सीडी हाय! ज्ञानेशला फोन लावला. तो मीटिंगमधनं कुजबुजत म्हणाला, "विक्या, ते विंडोजसाठीच बनवलंय. ड्रायव्हर नेटवरनं उतरवावा लागंल."

"नेट न्हाई म्हणून तर कार्ड घेतलं."

"व्हय. पण कार्ड चालायला नेट लागंल."

आत्यानं फोन हिसकला. "ज्ञाना, तू शिकलास ना रं? मग हे काय बोलतोस?"

मी परत मोबाईल लावून तो ड्रायव्हर उतरवला. उतरवला तर म्हणतो, आता मला तुमच्या कॉम्प्युटरच्या मापानं बांधून घ्या. चार तास काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळली आन् शेवटाला एरर आला. सीडी घालायला तर कॉम्प्युटरला जागाच न्हवती. ती आत्यानं मक्यात पाखरांसाठी टांगली. ह्या सगळ्या खरेदीतलं तेवढंच एक पहिल्या दिवसापासनं बिनतक्रार काम करतंय.

मग मी डोकं लावलं. दिवसभर नेटवर वाचलं. शाळेत एवढं वाचलं असतं तर आज मी वेगळ्याच टेम्पोत असतो. एका ठिकाणी पंचवीस जणांनी लिहिलं होतं, अमुक मॉडेलचं कार्ड घ्या, एका अँटेनाचं, लिनक्सला लावा आन् विसरा. दूध सोडून येताना दौंडला माऊलीच्या दुकानातनं तेच घेतलं. नाव तेच, डबा तोच, फोटो तोच. लावलं. न्हाई चाललं!

मी कार्ड भिंतीवर मारणार होतो. आत्यानं हात धरला. "मारून कुठली म्हैस दूध देती? पोराला फोन लाव."

ह्या वेळी ज्ञानेश मोकळा होता. त्यानं मला पडद्यावर पाच अक्षरं टाईप करायला लावली, एल एस यू एस बी. एक ओळ आली. ओळीत एक नंबर, मधी दोन टिंबं.

"तो नंबर महत्त्वाचा," ज्ञानेश स्पीकरवर म्हणाला. "आई, डब्यावरचं नाव सोड. आत चिप असती, तिचा हा नंबर. कंपनी काय करती, नाव तेच ठेवती आन् दोन वर्षांनी आतली चिप बदलती. त्या पंचवीस लोकांकडं जुनी चिप हाय. तिची भाषा लिनक्सच्या पोटातच हाय. तुमच्यात नवी आली."

आत्यानं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणली, "म्हंजी हा नंबर कानातला बिल्ला हाय."

गावातल्या सगळ्या म्हशींच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला, त्याच्यावर नंबर. म्हशीचा सगळा हिशोब त्या नंबरावर.

"व्हय आई. बिल्लाच."

"आन् डबा म्हंजी तेल लावून रंगवलेली शिंगं."

"व्हय."

"मग हे आधी सांगाया काय झालं होतं? मी मेली शिंगं बघून घेऊन आले. माझा बाप असता तर त्यानं मला बाजारात तोंड दाखवू दिलं नसतं." ती खरंच लाजली होती. आत्याला लाजताना मी तवाच बघितलं. ज्ञानेशनं मला चांगल्या नंबरांची यादी पाठवली. आत्या म्हणली, "उद्या दौंड. कॉम्प्युटर बरोबर घ्यायचा."

"सगळा?"

"म्हैस घ्यायला गेल्यावर बादली घरी ठेवतोस का?"

उद्या म्हंजी एकतीस तारीख. त्याच्यानंतर एक तारीख.

सकाळचं दूध प्लँटला उतरवलं आन् माऊलीच्या दुकानापुढं टेम्पो लावला. कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळलेला, स्क्रीन आत्याच्या मांडीवर. माऊली माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, केसाला जेल, बोलायला गोड.

"या मावशी. रिपेरिंगला आणलाय का?"

"न्हाई. धार काढायला."

माऊलीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "वायफायची जेवढी कार्डं असतील तेवढी काढ. लावून बघणार, चाललं तर घेणार."

"असं फोडून न्हाई दाखवत आम्ही."

"काष्टीला हत्तीएवढी म्हैस पिळून दाखवत्यात," आत्या म्हणली, "आन् तू बोटाएवढं कार्ड दाखवत न्हाईस?" तिनं स्टूल ओढलं आन् काऊंटरपुढं मधोमध बसली. आता तिच्या अंगावरनंच दुसरं गिऱ्हाईक आत येणार होतं. माऊलीनं कार्डं काढली.

पहिलं लावलं. मी नंबर वाचला, यादीत न्हाई, चाललं न्हाई. आत्या म्हणली, "भाकड. पुढचं." दुसरं, भाकड. तिसऱ्याला नेट आलं! मी उडी मारली. पाच मिनटांनी गेलं, परत आलं, परत गेलं. आत्यानं मान हलवली. "पान्हा चोरती. असली दावणीला नगं." दुपारपर्यंत सात कार्डं झाली. झेरॉक्सला आलेली माणसं झेरॉक्स विसरून उभी. एकानं तर आत्याला विचारलं, माझ्या लॅपटॉपला कसलं घेऊ. आत्या म्हणली, "आधी बिल्ला बघ."

माऊली घामाघूम. "मावशी, संपली. एवढीच हाईत."

आत्या उठली न्हाई. तिनं दुकानावरनं सावकाश नजर फिरवली, जशी बाजारात फिरवायची. "व्यापारी चांगलं जनावर बाजारात आणत न्हाई, घरी ठेवतो. तुझ्या सोताच्या कॉम्प्युटरला काय बांधलंय?"

माऊलीचं तोंड बघायला पायजे होतं. "ते... ते जुनं हाय. विकायचं न्हाई."

"दाखव. विकायचं न्हाई म्हणलास म्हंजी तेच."

त्याच्या टेबलामागनं मी ते उपसलं. पांढऱ्याचं पिवळं झालेलं, अँटेना मोडलेला आन् वरनं काळ्या टेपनं गुंडाळलेला. मॉडेल मी घेतलं होतं तेच! फक्त पाठीवर बारीक अक्षरात पहिलं व्हर्जन. माझ्या कार्डावर तिसरं. आमच्या कॉम्प्युटरला लावलं. मी पाच अक्षरं टाईप केली. झिरो सी एफ थ्री, दोन टिंबं, नाईन टू सेव्हन वन. यादीतली पहिलीच ओळ. ड्रायव्हर न्हाई, सीडी न्हाई, काय न्हाई. नेट आलं आन् आलं ते बसलंच.

"एकशिंगी," आत्या हळूच म्हणली. "आन् ते बी मोडकं."

मग ती माऊलीकडं वळली, खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याचा हात धरला आन् वरनं टॉवेल टाकला. काष्टीच्या जुन्या बाजारात भाव असाच ठरायचा. कापडाखाली बोटं दाबायची, म्हंजी बाजूच्याला कळत न्हाई. माऊलीला ह्यातलं काय म्हाईत! तो पांढराफटक.

"ओ मावशी! काय करताय? दुकानात कॅमेरा हाय!"

"कॅमेऱ्याला दिसू नये म्हणूनच टॉवेल हाय. बोल."

तिनं बोट दाबलं. माऊली म्हणला, "आई गं!"

"आई गं म्हंजी किती?"

सगळं दुकान हसतंय. मी माऊलीच्या कानात पद्धत सांगितली, तवा त्यानंबी भीत भीत बोटं हलवली. आत्यानं डोळे मिटून हिशोब लावला, परत दाबलं, त्यानं मान हलवली, तिनं सोडलं. कितीला ठरलं ते मला आजपर्यंत म्हाईत न्हाई. विचारलं तर म्हणती, टॉवेलखालचं बाहेर आणत न्हाईत.

"पण दोन धारा," आत्या म्हणली. "आज संध्याकाळची आन् उद्या सकाळची. दोन्ही नीट निघाल्या तर सौदा पक्का. न्हाई तर तुझं जनावर तुझ्या दावणीला."

संध्याकाळची धार झकास झाली. रस्त्यापलीकडच्या घरातनं नेट अलगद येत होतं, एक पावती अडली न्हाई. मी इतका खूश की सकाळी साहेब येणार म्हणून सगळे रिकामे कॅन घासले, चकचकीत केले आन् कॉम्प्युटरमागच्या खिडकीत दोनावर दोन मांडले. शोभेला.

एक तारीख, सकाळी सहा. साहेब हातात मोबाईल घेऊन खुर्चीत. आनंदराव आप्पापण आलेले. "सहज आलो," म्हणले. आप्पा सहा वाजता सोताच्या सेंटरवर कधी दिसत न्हाईत. बायांची लाईन रस्त्यापर्यंत. सिंधूबाईची किटली पहिली. मशीननं फॅट काढला. कॉम्प्युटरवर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय. फिरतंय. नेट न्हाई.

मी कार्ड काढलं, घातलं, फुंकलं, परत घातलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कार्ड दिसतंय, नंबर दिसतोय, नेट न्हाई.

आप्पा म्हणले, "झुंबर, कार्ड म्हातारं झालं जणू."

"आप्पा, तुम्ही बी झालाय. तरी आम्ही खुर्ची देतोच का न्हाई?"

साहेब बरे होते. घड्याळ बघून म्हणाले, "आत्या, साडेसहापर्यंत थांबतो. मला पुढं वडगाव रासाईला जायचंय."

मी कार्ड उपटायला परत हात घातला. आत्यानं माझ्या मनगटावर चापट मारली. "हात लावू नको. काल पिळली का न्हाई? मग जनावरात खोट न्हाई. नव्या गोठ्यात म्हैस आटती तवा म्हशीला मारायचं नसतं, गोठा बघायचा असतो. कालच्या धारेला काय न्हवतं आन् आज काय हाय?"

साहेब होते, आप्पा होते, पण ती त्यांच्याकडं बघंना. छप्पर बघितलं, रस्ता बघितला, खिडकी बघितली. खिडकीतल्या चकचकीत कॅनवर येऊन तिची नजर थांबली. मग माझ्यावर.

"विक्या. हे काय हाय?"

"कॅन. साहेब येणार म्हणून..."

"घराच्या आन् कार्डाच्या मधी तू पत्र्याची भिंत बांधलीस. लग्न होतं का इथं?"

लाईनीतल्या सगळ्या बाया हसल्या. आन् त्याच बायांनी पदर खोचून कॅन उचलले, मी वळेपर्यंत खिडकी मोकळी. मी टेम्पोतली यूएसबीची लांब वायर आणली. खिडकीवर एक खिळा हाय, आत्याच्या बापानं बैलाची घुंगरमाळ अडकवायला मारलेला. माळ काढून आत्यानं तिथं कार्ड टांगलं. मोडक्या अँटेनाचं तोंड घराकडं केलं आन् त्याला थोपटलं. खरंच थोपटलं, मी बघितलंय.

चक्र थांबलं. साहेबांचा मोबाईल टिंग करून वाजला.

"आलं," साहेब म्हणाले. "सिंधूबाई, म्हैस, सहा पॉइंट आठ. सहा चोवीस."

सिंधूबाई म्हणली, "माझं नाव दौंडला दिसलं?"

"दिसलं."

"मग घ्या पुढचीचं. पान्हा सुटलाय तवर."

धडाधड सगळ्यांचं गेलं. नव्वदच्या नव्वद, आन् साहेब वडगाव विसरून शेवटपर्यंत बसले. शेवटी आप्पांना राहवंना. आत्या सोताच्या म्हशीचं दूध मशीनला कधीच लावायची न्हाई, घरीच ठेवायची आन् गावभर सांगायची, माझ्या म्हशीला आठाचा फॅट. आप्पा म्हणले, "झुंबर, आता तुझी पण होऊन जाऊ दे की. साहेब हाईत."

मी डोळ्यांनी खुणावलं, नको म्हण. आत्यानं वाटी आणली. मशीननं सांगितलं, सहा पॉइंट दोन. टिंग! दौंडला पण गेलं. आप्पा इतके हसले की चहा सांडला.

"मशीन बिघडलंय," मी ओरडलो.

"गप रं," आत्या म्हणली. "खोटं बोलायला घेतलंय का कार्ड? सहा दोन तर सहा दोन." मग आप्पांना म्हणली, "पण दिसलं ना दौंडला?"

आप्पांनी कप ठेवला. "दिसलं बाई."

साहेबांनी वहीत टिक केली आन् गेले. आत्यानं माझा मोबाईल मागितला, माऊलीला लावला आन् दोनच शब्द बोलली, "सौदा पक्का." त्या माऊलीनं आता सोताच्या कॉम्प्युटरला तिसरं व्हर्जन लावलंय. त्याला चालतं, त्याच्याकडं विंडोज हाय.

त्या खिळ्यावर कार्ड अजून हाय. जनावरांच्या डॉक्टरकडनं आत्यानं एक रिकामा पिवळा बिल्ला मागून आणला, माझ्याकडनं मार्करनं त्याच्यावर नंबर लिहून घेतला आन् कार्डाला बांधला. कासुर्डीच्या एका सेंटरवाल्याला लिनक्सला कार्ड पायजे होतं, तो मागच्या आठवड्यात तिला न्यायला गाडी घेऊन आला. आत्या पुढच्या सीटवर बसली, मांडीवर त्याचा कॉम्प्युटर, खांद्यावर टॉवेल. जाताना मला म्हणली, "विक्या, सेंटर बघ. आन् खिडकीत काय ठेवू नको."

मी मोबाईल बघितला. सकाळी आत्याकडं दहा मिनटं होता, तेवढ्यात राजनंदिनीचा फोन येऊन गेला होता. सात मिनटं बोलल्या होत्या दोघी.